मांडीचा मागचा स्नायू रोज ताणूनही आखडतोच? मग हे क्रमाने तपासा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. मांडीच्या मागे, बसायच्या हाडापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत कुठेतरी ओढ लागलेली. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलं की जास्त जाणवते, थोडं चालल्या-धावल्यावर सैल पडते, संध्याकाळी पुन्हा तशीच. मग पाय एखाद्या कठड्यावर टेकवायचा, पुढे वाकायचं, अर्धा मिनिट ताण द्यायचा. बरं वाटतं. तास-दोन तासांनी पहिले पाढे पंचावन्न. असे महिने जातात आणि उपाय तोच राहतो, फक्त ताणाचा वेळ वाढत जातो.

ज्यांचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबलं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. हे लिहितोय ते ज्यांचं दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं त्यांच्यासाठी. मांडीच्या मागे जाणवणारी ओढ बऱ्याच वेगवेगळ्या कारणांनी येते. स्नायू खरोखर आखूड असणं हे त्यांतलं एकच कारण, आणि रोजचा ताण हा मुख्यतः त्याच कारणावरचा उपाय. उरलेल्यांपैकी निदान दोन कारणांत तर ताण दिल्याने दुखणं वाढतं. म्हणून आधी कोण ओढतंय ते शोधायचं, मग हात-पाय हलवायचे.

आधी डॉक्टर

पुढचं काही लागू होत असेल तर घरच्या तपासण्या बाजूला ठेवा. धावताना किंवा घसरताना मांडीच्या वरच्या भागात अचानक काही तुटल्याचं जाणवलं, एक-दोन दिवसांत मागे काळंनिळं पडलं आणि पाय टाकणं अवघड झालं, तर कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडापासून सुटलेली असू शकते. शस्त्रक्रियेची गरज असेलच तर ती लवकर झालेली चांगली. वाढत्या वयाच्या मुलांत अशा वेळी कंडरेऐवजी हाडाचा तुकडाच सुटून येऊ शकतो, कारण बसायच्या हाडाची वाढीची जागा तोवर पक्की जुळलेली नसते. मुलगा किंवा मुलगी ‘स्नायू ओढला गेला’ म्हणत लंगडत असेल तर एक्स-रे टाळू नका.

एका पायाची पोटरी सुजली, गरम लागू लागली, दाबल्यावर दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दाखवा. दोन्ही पायांत बधिरपणा, जांघेच्या आतली आणि गुदाभोवतीची जागा सुन्न होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पाऊल वर उचलता न येणं ही कण्यातल्या नसांवर दाब आल्याची लक्षणं आहेत. इथे उद्याची वाट पाहायची नाही. ताप, कारण नसताना वजन घटणं किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरीही आधी डॉक्टरच.

मागे नेमकं काय काय आहे

मांडीचा मागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग, आणि तो तीन स्नायूंचा गट आहे. आतल्या बाजूला सेमीटेंडिनोसस आणि त्याच्याखाली सेमीमेम्ब्रेनोसस, बाहेरच्या बाजूला बायसेप्स फिमोरिस. बायसेप्सला दोन डोकी आहेत, एक लांब आणि एक आखूड. आखूड डोकं सोडून बाकी सगळे बसायच्या हाडावर सुरू होतात, म्हणजे कडक पाटावर ताठ बसल्यावर ज्या दोन हाडांवर भार येतो तिथे. आखूड डोकं मांडीच्या हाडाच्या मागच्या कंगोऱ्यावरून निघतं, त्यामुळे ते खुबा ओलांडतच नाही. त्याची नसही वेगळी: बाकीच्यांना सायटिक नसेचा, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या जाड नसेचा, टिबियल भाग चालवतो, आखूड डोक्याला तिचाच दुसरा, पेरोनियल भाग.

खालचं टोक स्वतःच चाचपून बघा. खुर्चीत बसून टाच जमिनीत दाबत मागे ओढा. गुडघ्यामागे बाहेरच्या बाजूला जाड दोरीसारखी लागते ती बायसेप्सची कंडरा, ती फिब्युला या बारीक हाडाच्या डोक्यावर जाऊन चिकटते. आतल्या बाजूची बारीक पण जास्त उठून दिसणारी सेमीटेंडिनोससची. ती नडगीच्या हाडाच्या आतल्या अंगाला जिथे चिकटते तिथेच सार्टोरियस आणि ग्रॅसिलिस हे दोन स्नायूही येतात. एक मांडीच्या पुढून येतो, एक आतून, एक मागून, आणि तिघांच्या नसा तीन वेगळ्या. मला शरीररचनेतली ही जागा फार आवडते. व्यवहारात तिचा अर्थ इतकाच की गुडघ्याखाली आतल्या बाजूला बोट ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणणाऱ्याचा प्रश्न हॅमस्ट्रिंगचाच असेल असं नाही.

आता काम. आखूड डोकं वगळता सगळे दोन सांध्यांवरून जातात: खुब्यातून मांडी मागे नेतात आणि गुडघा वाकवतात. गुडघा वाकलेला असताना बायसेप्स नडगी बाहेर फिरवतो, आतले दोघे आत फिरवतात. म्हणून टाच मागे ओढताना पावलाचं तोंड बाहेर केल्यावर दुखत असेल तर संशय बायसेप्सवर जातो, आत केल्यावर दुखत असेल तर आतल्या जोडीवर.

दोन सांध्यांचा हा हिशेब बरेच गैरसमज दूर करतो. ‘दिवसभर बसून हॅमस्ट्रिंग आखूड होतात’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. बसल्यावर गुडघा वाकतो म्हणून खालून स्नायू सैल पडतो हे खरं, पण खुबाही वाकतो, म्हणून वरून तो ताणला जातो. एकूण लांबी मधलीच कुठेतरी राहते. बसून उठल्यावर ताठरपणा वाटतो हे नाकारायचं नाही, पण तेवढ्यावरून स्नायू आखूड झाला असं ठरवता येत नाही.

हॅमस्ट्रिंग आणि मांडीपुढचा क्वाड्रिसेप्स हे कायम एकमेकांविरुद्ध काम करतात, हाही असाच अर्धवट समज. खुर्चीतून उठताना दोघे एकाच वेळी आवळतात. गुडघा वाकवणारा स्नायू गुडघा सरळ होत असताना का आवळतो, हा प्रश्न लोंबार्ड या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये मांडला आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. उत्तर तरफेत आहे. खुब्याशी हॅमस्ट्रिंगची पकड क्वाड्रिसेप्सपैकी खुबा ओलांडणाऱ्या रेक्टस फिमोरिसपेक्षा वरचढ, गुडघ्याशी क्वाड्रिसेप्सची हॅमस्ट्रिंगपेक्षा वरचढ, त्यामुळे दोन्ही सांधे एकदमच सरळ होतात.

शेजारी कोण? वर नितंबात ग्लुटियस मॅक्सिमस: श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, मागच्या भागापासून, कण्याच्या तळाच्या त्रिकास्थीपासून आणि माकडहाडापासून निघून मांडीच्या हाडावर आणि आयटी बँडवर, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या अंगाच्या जाड पट्ट्यावर, उतरतो. मांडी मागे नेणारा हा सगळ्यात दांडगा स्नायू. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना त्याला फारसं काम नसतं. जिना, चढ, खुर्चीतून उठणं, धावणं इथे त्याची खरी गरज लागते. आतल्या बाजूला ॲडक्टर मॅग्नस: त्याचा मागचा भाग हॅमस्ट्रिंगच्याच हाडावरून निघतो, त्याच टिबियल नसेवर चालतो, मांडी मागेही नेतो, फक्त गुडघा ओलांडत नाही. खाली पोटरीचा गॅस्ट्रोक्नेमियस: त्याची दोन डोकी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरून निघतात, म्हणजे लवणीत हॅमस्ट्रिंगच्या कंडरांच्या मधोमध तो असतो. आणि या सगळ्यांच्या मधून जाते ती सायटिक नस. कमरेच्या चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीच्या तिसऱ्या भागापर्यंतची मुळं एकत्र येऊन ती बनते, बहुतेकांत नितंबातल्या पिरिफॉर्मिस या स्नायूच्या खालून बाहेर पडते, बसायच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाने मांडीत उतरते आणि बायसेप्सच्या लांब डोक्याखालून लवणीकडे जाते.

एवढ्या गर्दीत ‘मागे ओढ लागते’ ही एकच जाणीव. आता एकेकाला वेगळं करू.

पहिली तपासणी: नस की स्नायू

टेबलाच्या कडेवर बसा, पाय लोंबते. पाठ गोल करा, हनुवटी छातीकडे घ्या. दुखणाऱ्या पायाचा गुडघा हळूहळू सरळ करा आणि नेहमीची ओढ जाणवली की तिथेच थांबा. आता पाठ आणि पाय जराही न हलवता फक्त मान वर करा.

ओढ कमी झाली, किंवा गुडघा अजून थोडा उघडला, तर ती ओढ निव्वळ हॅमस्ट्रिंगची नव्हती. कारण हॅमस्ट्रिंग मानेला कुठेच जोडलेला नाही. मज्जारज्जूभोवतीची आवरणं आणि नसा मात्र डोक्यापासून पावलापर्यंत सलग आहेत. मान वर केल्याने त्या सैल पडतात. या स्थितीत थोडी ओढ निरोगी माणसालाही लागते, तेव्हा दोन्ही पाय करून बघा आणि तुमची रोजचीच तक्रार जागी होते का, एका बाजूला जास्त होते का, हे पाहा.

इथे उत्तर ‘नस’ आलं तर कठड्यावर पाय ठेवून ताणणं आजपासून बंद. चिडलेली नस ताणून धरल्याने आणखी चिडते. त्याऐवजी तिला सरकवायचं: त्याच बैठकीत गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. एका टोकाला नस खेचली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला ती मोकळी होते. कुठेही थांबून धरायचं नाही, मुंग्या येतील इतकं न्यायचं नाही, १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. सोबत कंबर तपासून घ्या, कारण मूळ अनेकदा तिथे असतं. मुंग्या गुडघ्याच्या खाली उतरत असतील तर फिजिओथेरपिस्टकडे जायला उशीर करू नका.

दुसरी तपासणी: बसायच्या हाडापाशी बोट

दुखणं नेमकं नितंबाच्या घडीत, बसायच्या हाडावरच आहे का? कडक जागी किंवा गाडीत बराच वेळ बसल्यावर वाढतं का? चढावर धावताना, लांब ढांग टाकताना, खोल वाकताना टोचतं का? असेल तर हॅमस्ट्रिंगच्या वरच्या कंडरेचं जुनाट दुखणं असण्याची शक्यता मोठी.

ताणाने सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे, आणि त्यामुळेच हे दुखणं वर्षभर रेंगाळलेलं दिसतं. खुबा वाकवून पुढे झुकलं की कंडरा ताणली तर जातेच, शिवाय बसायच्या हाडावर दाबली जाते. दाब आणि ताण एकत्र, तेही रोज. माणसाला त्या क्षणी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जागा जास्त दुखते. दोन्हींचा संबंध लक्षात येत नाही.

पुढे वाकण्याचे सगळे ताण थांबवा. बसताना मांड्यांखाली भार घेणारी गादी वापरा, मधे मधे उठा. कंडरेला पूर्ण विश्रांतीही मानवत नाही, तिला मोजका भार हवा असतो. सुरुवात खुबा फारसा न वाकवता करा: पाठीवर झोपून, टाचा नितंबांपासून जरा लांब टेकवून, कंबर उचलून ३० ते ४५ सेकंद धरायचं, चार-पाच वेळा. ते जमलं की एका पायावर. मग वजन घेऊन खुब्यातून वाकण्याचे व्यायाम, आधी थोड्याच खोलीपर्यंत. किती चालेल याचं माप दुसऱ्या दिवशीची सकाळ. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं आणि २४ तासांत पूर्वस्थितीला आलं तर ठीक. सकाळी वाढलेलं असेल तर भार कमी करा. कंडरेचं काम सावकाश चालतं, तीन महिने आणि त्याहून जास्त धरून चाला.

लवणीतली आणि आतल्या बाजूची ओढ

हे दोन थोडक्यात. ओढ लवणीतच असेल आणि पावलाचे चवडे स्वतःकडे ओढल्यावरच लागत असेल, चवडे सोडल्यावर जात असेल, तर पोटरी किंवा नस. पहिल्या तपासणीत कारण नस नाही असं दिसलं असेल तर पोटरीकडे वळा: पायरीच्या कडेवर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून, टाचा हळूहळू खाली-वर.

ओढ मांडीच्या आतल्या-मागच्या बाजूला असेल तर पाठीवर झोपून गुडघा छातीकडे आणि थोडा बाहेर घ्या, गुडघा पूर्ण वाकलेला. हॅमस्ट्रिंग गुडघा वाकवल्यावर सैल पडतात, ॲडक्टर मॅग्नसला गुडघ्याशी देणंघेणं नाही. गुडघा वाकलेला असूनही ओढ तितकीच राहत असेल तर तो ॲडक्टर मॅग्नस. पाय रुंद ठेवून केलेल्या बैठका हळूहळू वाढवत न्याव्यात. या स्नायूला त्या मानवतात.

तिसरी तपासणी: खरंच आखूड आहे का

पाठीवर झोपा. मांडी सरळ वर, ९० अंशांत, दोन्ही हातांनी मागून धरा. दुसरा पाय जमिनीवर सरळ. आता धरलेल्या पायाचा गुडघा जमेल तितका सरळ करा, पाऊल सैल ठेवा. पूर्ण सरळ व्हायला साधारण २० अंश कमी पडले तरी ते सामान्य धरतात.

पुष्कळ लोक इथे व्यवस्थित पास होतात आणि आश्चर्य करतात. लांबी पुरेशी आहे, तरी आखडल्यासारखं वाटतं. आखडल्याची जाणीव आणि स्नायूची प्रत्यक्ष लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमलेला, जास्त भार सोसणारा, पूर्वी दुखावलेला स्नायू लांबीला पुरेसा असूनही ‘ताठ’ वाटतो. आणि काही आठवड्यांच्या ताणाने जी लवचिकता वाढते तीही बहुतांशी ओढ सहन करण्याची आपली मर्यादा सरकल्यामुळे वाढते. स्नायू तेवढ्यात फारसा लांबत नाही.

जे नापास झाले त्यांनी जरूर ताणावं, पण नीट. एका वेळी ३० सेकंद पुरतात. त्याच्या दुप्पट धरून जास्त फायदा दिसलेला नाही. पाठ गोल करून हात पावलापर्यंत नेण्यात कमरेचेच मणके वाकतात. छाती पुढे, कंबर सरळ ठेवून खुब्यातून वाका, हात गुडघ्यापर्यंतच गेले तरी चालतील. आणि सहा आठवडे रोज करूनही मोजमाप हललं नाही तर पुढचे दोन भाग वाचा.

चौथी तपासणी: पुढून कोण खेचतंय

पलंगाच्या कडेवर बसून मागे झोपा, एक गुडघा छातीशी घट्ट धरा, दुसरा पाय कडेवरून सोडून द्या. ही थॉमस टेस्ट. सोडलेली मांडी पलंगाला टेकत नसेल तर इलिओसोआस ताठ: कमरेच्या मणक्यांवरून आणि श्रोणीच्या आतून येऊन मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यावर चिकटणारा, मांडी वर उचलणारा मुख्य स्नायू. मांडी टेकते पण गुडघा ९० अंशांत न लोंबता सरळ होऊ पाहतो तर रेक्टस फिमोरिस, क्वाड्रिसेप्सच्या चौघांतला एकटा जो खुबाही ओलांडतो. मांडी बाहेर सरकते तर खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा टेन्सर फॅशिया लॅटा.

याचा मांडीच्या मागच्या भागाशी संबंध काय? पुढचे स्नायू श्रोणीची पुढची कड खाली खेचतात, तशी मागे बसायची हाडं वर जातात. हॅमस्ट्रिंगचं वरचं टोक तिथेच बांधलेलं, म्हणजे स्नायू उभ्या जागीच लांब ताणलेला राहतो. त्याला आणखी ताणून हाती काय लागणार? इथे एक सावधगिरी: श्रोणी थोडी पुढे झुकलेली असणं सर्वसामान्य आहे, तशा असंख्य लोकांना काहीच त्रास नसतो. आरशात बघून स्वतःचं निदान करू नका. थॉमस टेस्टमध्ये दुखऱ्या बाजूला स्पष्ट फरक असेल तरच या कारणाला वजन द्या.

वेगात धावणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र नक्की सांगायला हवी. उजवा पाय पुढे झेपावलेला असतो त्या क्षणी डावा मागे असतो आणि त्याचा इलिओसोआस त्याला पुढे आणायला जोरात आवळतो. तो श्रोणीला पुढे झुकवतो आणि उजव्या हॅमस्ट्रिंगवरचा ताण त्याच क्षणी वाढतो. म्हणून टेस्ट दोन्ही बाजूंनी करा, फक्त दुखऱ्या नव्हे.

उपाय: एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे. मागच्या पायाचा नितंब आवळा, माकडहाड आत घ्या, मग जरासे पुढे सरका. कंबर मागे वाकवली की ताण पोटापुढे गेल्यासारखा वाटतो पण इलिओसोआस चुकवून जातो. रेक्टससाठी याच स्थितीत मागची टाच हाताने नितंबाकडे घ्या.

पाचवी तपासणी: दुसऱ्याचं काम करतोय का

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, एका पायावर कंबर उचला. दहा-बारा वेळा करा. नितंबात थकवा जाणवला तर उत्तम. मांडीच्या मागे वांब आला, किंवा नितंबात काहीच न जाणवता सगळं काम मांडीच्या मागेच चाललं असेल, तर ग्लुटियस मॅक्सिमसचा वाटा हॅमस्ट्रिंग उचलतोय. दोघांचं काम एकच, मांडी मागे नेणं, त्यामुळे एकाने अंग चोरलं की दुसऱ्यावर पडतं.

इथे शरीररचनेचा थेट उपयोग होतो. टाचा नितंबांच्या अगदी जवळ आणा आणि दोन्ही पायांवर पुन्हा करून बघा. गुडघा जास्त वाकल्याने हॅमस्ट्रिंग इतका आखूड होतो की त्याला पुरेसा जोर लावता येत नाही. काम नितंबाकडे जातं. असे दोन-तीन आठवडे करा, मग एका पायावर, मग वजन घेऊन, मग उंच पायरी चढणं. पायरी चढताना धड जरा पुढे झुकवा, खुबा जास्त वाकला की ग्लुटियस मॅक्सिमसला काम मिळतं.

एका पायावर उभं राहून दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाते का हेही बघून ठेवा. तसं होणं हे नितंबाच्या बाहेरच्या अंगाचे ग्लुटियस मिडियस आणि मिनिमस कमकुवत असल्याचं लक्षण. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये नोंदवलेलं. हॅमस्ट्रिंगच्या आखडण्याशी त्याचा थेट संबंध जोडण्याची मी घाई करणार नाही, पण धावणाऱ्याने ते सुधारून घ्यावं.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण: जुनी दुखापत

वरच्या कशातच स्पष्ट उत्तर मिळालं नाही आणि पूर्वी कधी धावताना मागे चमक भरली होती, तर तुमचं कारण बहुधा हेच. हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याची शक्यता वाढवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो आधी एकदा दुखावलेला असणं.

वेगात धावताना पाय पुढे झेपावतो, खुबा वाकलेला, गुडघा झपाट्याने सरळ होत असलेला. पाऊल टेकण्याच्या जरा आधी हॅमस्ट्रिंगला ही पुढे उडणारी नडगी आवरावी लागते. म्हणजे स्नायू लांबत असतानाच पूर्ण जोर लावत असतो. त्यातही बायसेप्सचं लांब डोकं सर्वांत जास्त लांबतं, आणि धावताना दुखावणारा बहुतेक वेळा तोच. नर्तकांच्या किंवा उंच लाथ मारणाऱ्यांच्या दुखापतीत वेगळं घडतं: तिथे सेमीमेम्ब्रेनोससची वरची कंडरा दुखावते, सुरुवातीला दुखणं कमी वाटतं पण बरं व्हायला जास्त काळ लागतो.

आता उलटण्याचं कारण बघा. दुखापतीनंतर दोन-तीन आठवड्यांत चालणं, हळू धावणं बिनदुखीचं होतं. माणूस बरा झाला असं समजतो. पण हळू धावताना नडगी आवरायला लागणारा जोर पूर्ण वेगाच्या तुलनेत खूप कमी असतो. वेदना गेली तरी लांबलेल्या स्थितीत जोर लावण्याची ताकद परतलेली नसते; एकदा दुखावलेल्या बायसेप्सचे तंतू दुसऱ्या पायापेक्षा आखूड आढळतात. अशा स्नायूला मग आपण काय देतो? विश्रांती आणि ताण. ज्याची उणीव आहे ती ताकद मात्र देत नाही. पहिल्या जोरदार धावेत तो पुन्हा दुखावतो, पुन्हा विश्रांती, पुन्हा ताण.

लांबत जाताना जोर लावण्याचा व्यायाम हाच इथला उपाय, आणि त्याने तंतूंची लांबीही वाढते. दोन प्रकार हवेत. पहिला नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, घोटे कोणीतरी पक्के धरायचे, खुबा सरळ ठेवून धड जमेल तितकं सावकाश पुढे सोडायचं, शेवटी हातांवर पडायचं. खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत या एका व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आलेल्या दिसल्या आहेत. सुरुवात ३ ते ५ आवर्तनांच्या २ फेऱ्यांनी, आठवड्यातून एकदा-दोनदा. पहिल्या वेळी पुढचे दोन दिवस मांड्या चांगल्याच दुखतात, त्याने घाबरू नका, पण सामन्याच्या आदल्या दिवशी सुरू करू नका.

दुसरा प्रकार रोमानियन डेडलिफ्ट: गुडघे किंचित वाकलेले, कंबर सरळ, वजन हातात, खुब्यातून सावकाश खाली. हे दोन्ही का हवेत, तर नॉर्डिक गुडघ्याकडून काम देतो आणि त्यात सेमीटेंडिनोसस व बायसेप्सचं आखूड डोकं जास्त राबतं. खुब्याकडून वाकण्यात लांब डोकं आणि सेमीमेम्ब्रेनोसस. फक्त मशीनवर पाय वाकवून हे दुसरं काम होत नाही, आणि दुखावतं ते नेमकं लांब डोकंच.

वेगही व्यायामासारखाच पायरीपायरीने वाढवा: पूर्ण वेगाच्या निम्म्याने सुरुवात, मग ७० टक्के, ८०, ९०. प्रत्येक पायरीवर निदान दोन वेळा बिनदुखीचं झाल्याशिवाय पुढची नाही. थांबतानाचा झटकाही सांभाळा, वेग हळूहळू उतरवा. पूर्ण वेगाने धावण्यापूर्वी तिसऱ्या तपासणीतली गुडघा सरळ करण्याची मर्यादा दोन्ही पायांत सारखी हवी आणि एका पायावर कंबर उचलण्याची आवर्तनं दोन्ही बाजूंना जवळपास सारखी हवीत.

तरीही उलटलं तर

कारण ठरवून १२ आठवडे नेमाने केल्यावरही तक्रार तशीच असेल तर क्रीडावैद्यक तज्ज्ञाला किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वरची कंडरा आणि कंबर दोन्ही पाहण्यासाठी कधी कधी एमआरआय लागतो. जाताना कोणत्या तपासणीत काय झालं ते लिहून न्या, विशेषतः मान वर केल्यावर ओढ बदलते की नाही आणि बसल्यावर दुखतं की नाही. आणि बरं वाटू लागलं म्हणून नॉर्डिक बंद करू नका. आठवड्यातून एकदा तो चालू ठेवा. सोडल्यावर काही आठवड्यांत तंतूंची लांबी परत कमी होऊ लागते.